नेचा मांजराला बाधत नाही

१

मिरकरवाड्याच्या बंदरावर हौसाच्या तोंडाला लागायचं नाही, हे लिलाव पुकारणाऱ्यालाही ठाऊक होतं. बाई अंगानं काटकुळी, पण आवाज असा की चार होड्यांपलीकडचा खलाशी मान वर करून बघायचा. नवऱ्याला समुद्रानं नेलं त्याला बरीच वर्षं झाली होती. रडून झाल्यावर जो उरला तो राग, आणि तो तिनं चुलीतल्या निखाऱ्यासारखा राखेखाली जपला होता. तेवढ्याच धगीवर ती दोन खोल्यांचं घर, शिकायला नाटे गावाहून आलेली भाची दिशा आणि एक मांजर सांभाळत होती.

मांजराचं नाव मांदेली. त्या मासळीसारखीच पिवळट आणि चकचकीत. कधीतरी बंदरावर पाटीखाली भिजत बसलेलं हे पिल्लू हौसानं पदरात घालून आणलं, आणि तेव्हापासून ते तिच्या कुशीत झोपत आलं. माणसांना शिव्या आणि मांदेलीला लाड, अशी त्या घरची वाटणी होती. “मावशी, तुझा सगळा जीव त्या मांजरात आहे,” असं दिशा म्हणायची आणि ते काही खोटं नव्हतं.

घराच्या मागं पत्र्याची पडवी होती. समुद्राच्या बाजूनं जांभ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी गज, कोपऱ्यात मोरी. मोरीशेजारी थर्माकोलच्या जुन्या पेटीत दिशानं नेचा लावला होता. बर्फातली मासळी येते ती पेटी. बंदरावर अशा फुटक्या पेट्यांना तोटा नसतो. “ना फूल ना फळ, नुसता पसारा,” हौसा कुरकुरायची. पण दारात आलेल्या झाडाला उपाशी ठेवायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. मासळी धुतलेलं पाणी त्या वस्तीत कुणी फुकट घालवत नाही. कुणी मिरचीला घालतं, कुणी कढीलिंबाला. हौसा नेच्याला घालायची. रोज दुपारी घरची मासळी साफ केली की डोकी भोवती जमलेल्या मांजरांना आणि ते लालसर पाणी, खवल्यांसकट, पेटीत. त्या पाण्यावर नेचा असा माजला की पेटी दिसेनाशी झाली.

२

जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली. ट्रॉलर वर ओढून त्यांच्यावर निळी ताडपत्री चढली, बर्फाचा कारखाना गप्प झाला, आणि हौसा सुकट-बोंबलाची पाटी घेऊन शहरात घरोघर हिंडू लागली. घरात ताजी मासळी येईना, म्हणून धुणं होईना, आणि नेच्याचं पाणी आपोआप बंद झालं. पावसाची झड गजांतून आत येतच होती. झाडाला आणखी काय हवं, म्हणून तिनं त्याकडे बघितलंही नाही.

बघितलं ते एका दुपारी, मोरीवर पाय धुताना. नेच्याची सगळी पानं घराच्या दाराकडे वळली होती. वळली होती म्हणजे अशी, की गजांकडच्या बाजूला उजेड असून तिथं एक पान नव्हतं, आणि काळोख्या स्वयंपाकघराच्या बाजूला सगळी दाटी. पानांची टोकं उंबऱ्याला टेकत होती.

“दिशा! या पेटीचं तोंड कोनी फिरवलान?”

“मी हातसुद्धा लावला नाही.”

“मग काय आपसूक फिरलान?”

हौसानं कमरेत वाकून पेटी फिरवली आणि पानांचा पसारा उजेडाकडे केला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा दाराकडे होता. ती दिशावर खेकसली. पोरगी म्हणाली, वाऱ्यानं वाकत असतील, समुद्राचा वारा केवढा आहे. हौसाला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. वारा समुद्राकडून येत होता हे खरं, पण त्या बाजूला जांभ्याची भिंत होती, आणि भिंतीतून वारा येत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. ते तिच्या मनात आलं आणि तिनं ते झटकून टाकलं. झाडाबिडावर डोकं शिणवायला तिला वेळ नव्हता.

पुढं एकदा मांदेली पडवीत ओकली. हिरव्या पानांचे तुकडे आणि पिवळा फेस.

३

आणि त्याच सुमारास मांजरं नाहीशी व्हायला लागली.

आधी समोरच्या खतिजाचा सुलतान गेला. सुलतान म्हणजे त्या पाखाडीतला, पायऱ्यांच्या उतरत्या गल्लीतला, सगळ्यात दांडगा बोका. कुत्रीसुद्धा त्याला वाट द्यायची. खतिजा छत्री घेऊन दोन दिवस पायऱ्या चढत-उतरत त्याला हाका मारत होती. मग जाळी विणायच्या शेडमधली काळी मांजरी गेली, मागोमाग तिची पिल्लं. कुठं मेलेलं मांजर दिसलं नाही, कुठं वास आला नाही. फक्त पाखाडी शांत झाली, आणि ती शांतता हौसाला डाचायला लागली.

मांदेलीनं अन्न सोडलं होतं. हौसानं तिला पिशवीत घातलं, पिशवीच्या तोंडाला पदर बांधून रिक्षात बसली आणि गुरांच्या डॉक्टरणीकडे नेलं. दिशाही बरोबर होती. तिनं मोबाइलवर नेच्याचा फोटो दाखवला.

“हा नेचा आहे, साधा घरात लावतात तो,” डॉक्टरीण म्हणाली. “मांजराला बाधत नाही. फार चघळला तर एखादी उलटी होते, एवढंच. लिलीचं फूल असतं तर मी घाबरले असते.”

“मी पण शोधून बघितलं मॅडम,” दिशा म्हणाली. “सगळीकडे हेच लिहिलंय. मांजरासाठी सुरक्षित.”

“मग हिला झाला काय?” हौसानं टेबलावर हात आपटला. “सुरक्षित, सुरक्षित! माझं जनावर वाळत चाललंय आनि तुम्ही मला झाडाचं नाव सांगताय?”

डॉक्टरणीनं मांदेलीचं पोट चाचपलं, डोळे बघितले, तोंड उघडून बघितलं. आजार काही दिसत नाही, म्हणाली; पण भेदरलेलं आहे. तुमच्याकडे कुणी त्रास देतं का मांजरांना?

हौसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्रास कोण देणार? लवू!

४

लवूचं घर हौसाच्या मागच्या अंगाला, थोडं वर. तो मासळी सुकवायचा. मांजरं त्याचे बोंबील पळवत, आणि तो दर वर्षी चारचौघांत ओरडून सांगे की एक दिवस विष घालून सगळ्यांना गार करीन. तोंडाचा फटकळ माणूस, दोघांचं कधीच पटलं नाही. आता हौसाला सगळं हातच्या काकणासारखं लख्ख दिसायला लागलं. झाड निर्दोष असेल तर माणूस दोषी, हा तिचा हिशोब सरळ होता.

त्या संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी ती पडवीच्या उंबऱ्यावर मांदेलीला मांडीवर घेऊन बसली होती. पत्र्यावर पाऊस वाजत होता. ती मनातल्या मनात लवूला द्यायच्या शिव्या जुळवत होती आणि बोटांनी मांजराचं कपाळ खाजवत होती. मांदेली घुरघुरत होती. बऱ्याच दिवसांनी घुरघुरली, म्हणून हौसाला बरं वाटलं. पाऊस थोडा कमी झाला तशी ती घुरघुर नीट ऐकू यायला लागली. संथ, भरल्या पोटाची.

मग तिच्या लक्षात आलं की मांडीवरचं जनावर ताठ झालेलं आहे. त्याच्या गळ्यात कसलीही थरथर नाही. हौसानं तळहात मांदेलीच्या छातीवर दाबून धरला. आत काळीज पाखरासारखं फडफडत होतं, आणि घुरघुर दुसरीकडूनच येत होती.

फ्रिज असेल. ती उठून फ्रिजला कान लावून आली. खतिजाकडचा मिक्सर असेल. पण खतिजाच्या घराला कुलूप होतं. दिशाचा मोबाइल असेल. पण दिशा क्लासला गेली होती. ती नेच्याजवळ गेली तशी घुरघुर थांबली. मागं सरली, तशी पुन्हा सुरू झाली.

“खुळी झाल्येस तू हौसा,” ती स्वतःला म्हणाली.

आत उंदीर शिरला असेल, पेटीच उचलून आपटू, म्हणून तिनं दोन्ही कडा धरल्या. जन्मभर बर्फ भरलेल्या पेट्या उचललेली ती बाई. पेटी जागची हलली नाही. पंधरा दिवसांपूर्वी हीच पेटी तिनं एकटीनं फिरवली होती. पावसाचं पाणी मुरलं, माती फुगली, दुसरं काय असणार? तिनं हात सोडले. मनगटाला दोन-चार पानं चिकटून आली, आणि ती सुटताना जीभ फिरल्यासारखी खरखरीत लागली. तिनं हात लुगड्याला खसाखसा पुसले आणि दार लावून घेतलं. मांदेली तिच्या खांद्यावर नखं रोवून बसली होती.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून लवूला बघितलं. तो आपल्या मासळीच्या खोपीभोवती वाकून काहीतरी पांढरं पसरत होता. मुठीमुठीनं, कोपऱ्याकोपऱ्यात.

बस्स.  काल संध्याकाळी पेटीपाशी वाटलेली भीती, मांदेलीची उपासमार, सुलतान, ती पिल्लं, बंदीचे रिकामे दिवस, सगळ्याचा राग एका माणसावर जाऊन बसला. वड्याचं तेल वांग्यावर निघायला एवढंसं निमित्त पुरतं. ती उठली. आधी मांदेलीला वाचवायला हवं होतं. घराला पुढून दार, पण ते धड लागत नव्हतं. मांजर पंजानं ढकलून बाहेर पडायचं. पडवीला मात्र भक्कम कडी होती. तिनं मांदेलीला उचललं आणि पडवीत सोडलं. मांदेलीनं पदर सोडला नाही, नखं अडकवून लोंबकळत राहिली, आणि कधी नव्हे ते हौसाच्या हातावर ओरखडा काढला.

“तुझ्या भल्यासाठीच करतंय गो,” हौसानं नखं एकेक करून सोडवली. गजांच्या खालच्या फटीत फळी ठोकली. बशीत कालचा उरलेला सुका बांगडा भिजवून ठेवला. दार ओढलं, कडी घातली आणि कमरेला पदर खोचून ती पायऱ्या चढली.

“लवू! मेल्या, भायेर ये!”

लवू हात झटकत बाहेर आला. “काय झालान सकाळीच?”

“काय घालतोस मांजरांना? सांग! तुझ्या बोंबलांपायी मुक्या जनावरांचे जीव घेतोस? तुझं तळपट होईल! मी बंदराचे सगळे लोक गोळा करीन, तुझी खोपी पेटवीन!”

“उचलली जीभ लावली टाळ्याला! मीठ हाय ता!” लवूनं मूठभर उचललं, तिच्यासमोर तोंडात टाकलं आणि कचाकचा चावलं. “ओल येत्ये म्हणून मीठ टाकतंय. बघ, मेलो का? आनि मांजरांचं मला सांगू नको. मांजर नाय म्हणून उंदीर मासळीचा भुगा करतायत. मी स्वतः काल सुक्या मासळीची डोकी टाकली फाटकाजवळ, एखादं तरी येईल म्हणून. एक आला नाय.”

“मग गेली कुठं?”

लवूनं खाली तिच्या पडवीकडे बघितलं. त्याचा आवाज एकदम उतरला, आणि हौसाला त्याच्या ओरडण्यापेक्षा तेच वाईट वाटलं.

“मला वाटलं, तुला ठाऊक असेल,” तो म्हणाला. “माझ्या माळ्यावरून तुझी पडवी दिसते. दुपारी तू मासळी साफ करायला बसायचीस ना, त्या वेळेला यायची, तशीच येतात. तू असतेस पाटी घेऊन गावात. एकेक येतं, गजांखालून आत जातं. खतिजाचा बोका गेला, ती काळी गेली, पिल्लं गेली. मी म्हटलं, हौसा काय खायला ठेवत असेल.”

“आनि?”

“आनि काय? आत जाताना बघितली. भायेर येताना एक पन नाय बघितला.”

“मला चेटकीण म्हणतोस, भाड्या?”

“मी तुला कायच म्हणत नाय. माझ्या डोळ्यांनी बघितलंय ता सांगितलं.”

हौसाच्या ओठांवर पुढची शिवी तयार होती. पण तिला पेटीच्या कडांचं ते वजन हातात आठवलं. नेचा मांजराला बाधत नाही, डॉक्टरीण म्हणाली होती. मोबाइलवरही तेच होतं. पण ते सगळे मांजरानं नेचा खाल्ला तर काय, एवढंच सांगत होते. तिनंही तेवढंच विचारलं होतं. रोज मासळीचं रक्त पाजून वाढवलेल्या, आणि मग उपाशी ठेवलेल्या झाडाचं कुणाला काय ठाऊक असणार?

आणि तिनं स्वतःच्या हातानं कडी घातली होती.

६

पायऱ्यांवरून ती पडत, धडपडत उतरली. लवू मागून काहीतरी ओरडत होता. घरात शिरून तिनं पडवीची कडी काढली आणि दार ढकललं.

पडवी शांत होती. फळी जागच्या जागी. बशीतला बांगडा तसाच. नेच्याची पानं आज दाराकडे वळलेली नव्हती. ती चारी बाजूंना ऐसपैस पसरली होती, तकतकीत, जेवून उठलेल्या माणसासारखी निवांत.

“मांदेली?”

मोरीमागं बघितलं, पत्र्याखाली बघितलं. मग भिंतीला टेकवलेला कोयता तिच्या हाती आला. इतक्या दिवसांच्या रागाला आता खरा धनी सापडला होता. “माझ्या घरात राहून? माझ्या हातचं पिऊन?” ती किंचाळली आणि तिनं पहिला घाव घातला. पानांचा झुपका उडाला. दुसरा घाव घातला, आणि आतून मांदेली ओरडली.

कोयता गळून पडला. हौसानं गुडघे टेकून दोन्ही हातांनी पानं दूर केली. वरची हिरवी, खालची काळपट, त्याखाली लवेसारखी मऊ आणि ऊबदार. झाड ऊबदार असत नाही, एवढं तिला कळत होतं, तरी ती हात आत घालत राहिली. खोल, पेटीच्या तळापेक्षाही खोल वाटावं अशा जागी, मांदेलीचा चेहरा दिसला. जिवंत होता. डोळे अर्धे मिटलेले, हौसाच्या कुशीत मिटायचे तसेच. त्याच्या मागं काळोखात आणखी काही डोळे होते. मोठे, लहान, तितकेच सुस्त. तिनं त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

“ये. ये माझी बाय. चल घरात.”

मांदेलीनं तिला ओळखलं. कान हलवला. पण उठली नाही.

हौसानं तिच्या मानगुटीला धरलं आणि ओढलं. मांजर थोडं वर आलं, आणि आतून आवाज झाला. गवत उपटताना होतो तो, बारीक मुळं तुटत गेल्याचा. मांदेलीनं तोंड उघडून टाहो फोडला. तिनं पुन्हा ओढलं, पुन्हा तडतड मुळं तुटली, बोटांना ओलं आणि गरम काहीतरी लागलं. मांदेली तिच्याकडे बघत ओरडत होती. सोड म्हणून ओरडत होती, हे समजायला मांजराची भाषा यायला नको होती.

हौसानं हात सोडला.

मांदेली मागं सरली. तिचा चेहरा पुन्हा निवला, डोळे मिटत गेले, आणि पानं हलक्या हातानं तिच्यावर येऊन बसली. मग घुरघुर सुरू झाली. हौसानं कितीही कान दिला तरी त्यातली मांदेलीची कुठली हे तिला ओळखता येईना.

ती तशीच बसून राहिली. तोंड उघडत होतं, पण शिव्या घालायला कुणी सापडत नव्हतं. लवू नाही, डॉक्टरीण नाही. तिच्या मांडीजवळ दोन घावांच्या जागी झाडाचा चीक गळत होता, आणि त्या ओघळाबरोबर आतली घुरघुर थोडी थोडी क्षीण होत चालली होती.

पुढचं दार वाजलं. दिशा सकाळच्या कॉलेजातून आली होती. “मावशी, काय झालं? लवूकाका बाहेर उभे आहेत. मांदेली कुठं आहे?”

हौसा उठली. पडवीच्या दारात आडवी उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून, दिशाला आतलं काही दिसू नये अशी.

“हाय. बरी हाय,” ती म्हणाली. “तू बंदरावर जा. कुनाकडं ताजी मासळी मिळते का बघ. खाडीची, गळाची, कसलीपन.”

“बंदी आहे मावशी. आत्ता कुठं मिळणार? आणि तुझ्या हाताला रक्त...”

“मिळेल! शोध! नाय मिळाली तर खाटकाकडं जा!” हौसाचा आवाज पाखाडीच्या तळापर्यंत गेला. “बघत काय उभी राहिलीस? ती उपाशी हाय. जा म्हणत्ये ना!”